किट कारच्या सस्पेन्शनचे स्टेनलेस बोल्ट

किट कार म्हणजे सुटे पार्ट आणून आपल्या हातांनी जोडलेली गाडी. तिचे विशबोन (चाकाला धरणारे दुबेळक्याच्या आकाराचे दांडे) आणि शॉकॲब्सॉर्बर चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारे बोल्ट मोजकेच असतात, आणि गोव्यात ते स्टेनलेसचे टाकावेत असं सगळ्यांनाच वाटतं. खारी हवा, जून ते सप्टेंबर पाऊस, वर तांबडा चिखल चाकाच्या आत बसतो तो दिवसेंदिवस ओलाच राहतो, साधा झिंकचा मुलामा दिलेला बोल्ट एका पावसाळ्यात गंजायला लागतो.

पण आधी ताकद बघायची, गंज नंतर. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असेल तर तो ८०० मेगापास्कल (ताणाचं माप) ला तुटतो आणि ६४० पर्यंत ताणला तरी परत मूळ लांबीवर येतो. म्हापसा-मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारं स्टेनलेस म्हणजे ए२-७०, ३०४ जातीचं, ते ७०० ला तुटतं पण ४५० लाच कायमचं लांबतं, लोक ७०० चा आकडा बघून घेतात तिथेच चुकतं. ए४-८० चे आकडे ८०० आणि ६००, शिवाय ते ३१६ जातीचं, त्यात मॉलिब्डेनम धातू असल्यामुळे मिठाला ते जास्त दाद देत नाही. जिथे ८.८ पेक्षाही मजबूत १०.९ सांगितलाय तिथे ही दोन्ही स्टेनलेस नकोत. मार्किंग नसलेला चकचकीत बोल्ट तर हातातही घेऊ नये.

हा बोल्ट नुसता खुंटीसारखा अडकवलेला नसतो, तो बुशच्या (सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमधे आवळून धरतो आणि भार त्या घर्षणावर पेलला जातो. आवळ कमी पडली की नळी सरकते, मग प्रत्येक खड्ड्याला बोल्टच मार खातो, काढून बघितलं तर दांड्यावर झिजलेलं कडं नखाला लागतं. असा बोल्ट परत घालायचा नाही. ब्रॅकेटच्या कानात आटे येऊ नयेत, तिथे साधा दांडाच हवा.

स्टेनलेसवर स्टेनलेस नट फिरवला की आटे एकमेकांना धरतात आणि नट अर्ध्यावरच जाम होतो, मग ग्राइंडरशिवाय निघत नाही. म्हणून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावून हळू हातानेच फिरवायचं, फक्त मग कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळायच्या जोराचा आकडा) वापरायचा नाही, बोल्ट जास्त ताणला जातो. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमधे स्टेनलेस असेल तर खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

माझ्या मते सस्पेन्शनला झिंक-फ्लेक (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांच्या) कोटिंगचे ८.८ किंवा १०.९, डिझाइनमधे असतील ते, आणि दर पावसाळ्यानंतर एकेक काढून तपासणी, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा) दरवेळी नवा. मडगार्ड, नंबरप्लेट, लाइटचे ब्रॅकेट इथे खुशाल स्टेनलेस टाका, तिथे ए२ वर पिवळट डाग पडले तरी काही बिघडत नाही.