बेचकी फिरते, पण कशामुळे?

उन्हाळा लागला की खान्देशात बोअरच्या गाड्या शिवारात फिरू लागतात आणि त्यांच्याआधी जमिनीखालचं पाणी शोधून देणारा पाणाड्या येऊन गेलेला असतो. कुणी तळहातावर नारळ आडवा धरून चालतो, कुणी कडुनिंबाची बेचकी, म्हणजे दोन फाटे असलेली फांदी. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, असाही समज आहे. नारळ उभा राहिला, बेचकी झुकली, की तिथे खूण करायची. यावर दोनच मतं ऐकू येतात : ‘सगळं थोतांड’ किंवा ‘आम्ही डोळ्यांनी पाहिलंय’. दोघांनीही तपासलेलं काही नसतं.

बेचकी फिरते हे अगदी खरं आहे, आणि ती धरणारा प्रामाणिकही असू शकतो. तिची दोन टोकं मुठीत धरून बाहेरच्या बाजूला ताणली की ओल्या लाकडात ताण साठतो. ही अस्थिर समतोलाची स्थिती असते. मनगट किंचित वळलं तरी साठलेली ऊर्जा एकदम सुटते आणि पुढचं टोक जोरात खाली जातं. मनगटाची हालचाल जाणवणारही नाही इतकी लहान, काठीची मात्र मोठी. म्हणून कुणीतरी खालून ओढल्यासारखं वाटतं.

पण मुळात मनगट कशामुळे वळतं? एखादी हालचाल होणार, अशी मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत तिच्या दिशेने हलके आकुंचन पावतात. इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये याला ‘आयडिओमोटर’ क्रिया म्हटलं. त्याआधी, १८३३ मध्ये, शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हातातल्या लोलकाबद्दल लिहिलं होतं : डोळे उघडे असताना तो झोके घेई, डोळे बांधले की झोके थांबत.

मायकेल फॅरेडेचा १८५३ मधला प्रयोग मला सर्वांत आवडतो. तेव्हा इंग्लंडमध्ये लोक टेबलाभोवती हात टेकून बसत आणि टेबल सरकलं की आत्म्यांचा हात आहे म्हणत. फॅरेडेने कुणालाही लबाड म्हटलं नाही. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर ठेवले, त्यांना जोडणारा चिकट पदार्थ थोडा सरकू देणारा. टेबल आधी सरकलं तर खालचा पुठ्ठा पुढे जायला हवा, हात आधी सरकला तर वरचा. वरचाच पुढे गेला. मग त्याने हाताचा रेटा दाखवणारा काटा बसवला. बसणाऱ्यांना तो दिसू लागताच टेबल हलायचंच थांबलं!

‘पण पाणी लागतं ना?’ लागतं. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. वाळू-गोट्यांच्या अशा थरांत पाणी विस्तीर्ण भागात पसरलेलं असतं. प्रश्न फक्त खोलीचा. तिथे कुठेही खूण केली तरी यश मिळण्याची शक्यता बरीच. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या काळ्या पाषाणात मात्र पाणी भेगांत आणि मुरमात असतं, दहा पावलांवर नशीब बदलतं. त्यामुळे पाणाड्याच्या किती बोअरना पाणी लागलं, एवढं मोजून भागत नाही. त्याच शिवारात त्याच्याशिवाय घेतलेल्या किती बोअरना लागलं, हेही मोजायला हवं. कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट पारावर कुणी सांगत नाही.

जर्मनीत कासेल इथे १९९० मध्ये ३० पाणाड्यांची चाचणी झाली. मैदानात पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. अंदाजाने मिळेल त्याहून चांगलं यश कुणालाच सिद्ध करता आलं नाही.

तरी एक शक्यता मी उघडी ठेवतो. उंबर, वारुळं, जमिनीचा उतार पाहून अनुभवी माणसाला पाण्याचा अंदाज येत असेल. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या प्राचीन ग्रंथातही अशा खुणा आहेत. तसं असेल तर ते निरीक्षण आहे, शिकता आणि शिकवता येईल. काठीऐवजी मोबाइल अ‍ॅप घेऊन येणाऱ्याला तर दुप्पट प्रश्न विचारावेत. भूगर्भाचा विद्युतरोध मोजणारं खरं यंत्र जमिनीत सळया ठोकून, तारा अंथरून काम करतं आणि तेही फक्त शक्यता सांगतं.

बोअरची गाडी बोलावण्याआधी एक चाचणी फुकटात करता येते. पाणाड्याने केलेल्या खुणांची मापं बांधापासून मोजून लिहून ठेवा आणि खुणा पुसा. मग त्याच्याच संमतीने त्याचे डोळे बांधून, दुसऱ्या टोकाकडून त्याला त्याच शेतात फिरवा आणि नव्या खुणा जुन्या मापांशी जुळतात का, ते पाहा. हात धरून नेणाऱ्यालाही जुन्या जागा ठाऊक नसाव्यात. किती पावलांचा फरक चालेल, हे शेतकरी आणि पाणाड्या दोघांनी आधीच कागदावर ठरवून सह्या कराव्यात.