एल्कची शिकार

उत्तर अमेरिकेत, विशेषतः रॉकी पर्वतरांगांतील कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटॅना आणि आयडाहो या राज्यांत, परवाना घेऊन ठरलेल्या हंगामात केली जाणारी मोठ्या हरणाची शिकार. एल्क किंवा वापिटी (सर्व्हस कॅनडेन्सिस) हा काश्मीरच्या दाचीगाममधील हंगुलाचा जवळचा नातेवाईक आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किग्रॅ.च्या पुढे जाते. युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो मूस हा वेगळा, आणखी मोठा हरिणवर्गीय प्राणी होय. त्याचा या नोंदीशी संबंध नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर बंदी आहे. अमेरिकेत मात्र शिकारीलाच संवर्धनाच्या व्यवस्थेत बसवण्यात आले असून त्यामागे मोठ्या संहाराचा अनुभव आहे.

युरोपीय वसाहतींपूर्वी या खंडात सुमारे १ कोटी एल्क असावेत, असा अंदाज आहे. बाजारासाठी मांस आणि कातडी मिळवण्याच्या हव्यासापायी विसाव्या शतकाच्या आरंभी ही संख्या १ लाखाच्याही खाली गेली. एल्कच्या वरच्या जबड्यातील दोन सुळ्यांना दागिना म्हणून, विशेषतः घड्याळाच्या साखळीत अडकवण्यासाठी, इतकी मागणी होती की केवळ ते दोन दात काढून अख्खा प्राणी तिथेच टाकून दिला जाई. बेकायदा मारलेल्या वन्यप्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला बंदी घालणारा १९०० चा लेसी कायदा, १९१२ मध्ये वायोमिंगमधील जॅक्सनजवळ स्थापन झालेले राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून पकडून इतर राज्यांत सोडलेले कळप यांमुळे प्रजाती सावरली. बंदुका व दारूगोळ्यावरील कराची रक्कम राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवणारा पिटमन-रॉबर्टसन कायदा १९३७ मध्ये आला. आज खंडात सुमारे १० लाख एल्क असून सर्वांत मोठी संख्या कोलोरॅडोत आहे.

शिकारीची तयारी हंगामाच्या कितीतरी आधी, परवान्याच्या अर्जापासून सुरू होते. चांगल्या क्षेत्रांचे परवाने सोडतीने दिले जातात. काही राज्यांत नाव न लागलेल्या अर्जदाराच्या खाती दरवर्षी गुण जमा होतात आणि प्रतिष्ठित क्षेत्रासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला शिकारीचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. वायोमिंगच्या घोषित निबिड अरण्यक्षेत्रांत परराज्यातील शिकाऱ्याला सोबत वाटाड्या घेणे बंधनकारक आहे. सपाटीवर राहणाऱ्याने तीन हजार मीटर उंचीवर ओझे वाहण्याची सवय आधीच केलेली बरी. तिथे धाप लागते ती वयापेक्षा विरळ हवेमुळे.

सप्टेंबरमध्ये नर माजावर येतात आणि खोल आवाजापासून चढत जाऊन तीक्ष्ण शिळेत संपणारी साद देतात. धनुष्यबाणाचा हंगाम बहुधा याच काळात असतो. शिकारी तोंडातील पातळ पडद्याने आणि नळीने नराची किंवा मादीची साद काढून प्राण्याला तीस-चाळीस मीटरच्या आत आणू पाहतो. रायफलीचे हंगाम मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. तेव्हा माज ओसरलेला असतो, कळप दाट झाडीत शिरलेले असतात आणि पहिल्या मोठ्या बर्फानंतर ते खालच्या उतारांवर येऊ लागतात.

या शिकारीत नेमबाजीपेक्षा वाऱ्याचे भान अधिक महत्त्वाचे, कारण एल्कचे नाक फसत नाही. पहाटे थंड हवा दरीकडे घसरत असते, म्हणून कळपाच्या खालच्या बाजूने वर चढणे सोयीचे. ऊन तापले की हवा उताराने वर चढू लागते आणि सकाळी योग्य असलेली तीच वाट माणसाचा वास थेट कळपापर्यंत पोहोचवते. बदलाच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात वारा कोठेही फिरतो, तेव्हा थांबणे शहाणपणाचे. नेम खांद्याच्या मागे, हृदय-फुप्फुसांवर धरतात. जखमी प्राण्याच्या मागे लगेच धावल्यास तो मैलोन्‌मैल जातो. बाण पोटात लागला असेल, तर कित्येक तास थांबूनच माग काढतात.

प्राणी पडल्यावर खरे श्रम सुरू होतात आणि शिकाऱ्याची पारख येथेच होते. एवढ्या मोठ्या देहात, जाड केसांच्या कातडीखाली, उष्णता फार वेळ टिकते. थंड रात्रीसुद्धा मांडीच्या हाडालगतचे मांस आतून आंबू शकते. म्हणून आधी कातडी सोलतात. दुर्गम जागी अनेक जण पोट न फाडताच एका कुशीचे पुढचे व मागचे पाय, पाठीचे लांब मांसल पट्टे आणि मानेचे मांस काढून देह उलटा करतात. शेवटी बरगड्यांमागून हात घालून आतल्या बाजूचे मऊ पट्टे सोडवतात. मांस हवेशीर कापडी पिशव्यांत भरून सावलीत, फांदीला टांगतात. प्लॅस्टिकमध्ये ते घामेजून बिघडते. पूर्ण वाढलेल्या नरापासून हाडांविना सुमारे ९० ते ११० किग्रॅ. मांस मिळते, म्हणजे पाठीवरून एकट्याच्या चार-पाच फेऱ्या. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गुन्हा आहे. मांसात चरबी अगदी कमी असल्याने पाठीचे पट्टे मोठ्या आचेवर थोडाच वेळ भाजतात, पायांचे चिवट भाग मंद शिजवतात आणि उरलेल्याचा खिमा करतात. खिमा मात्र आतून ७१° से.पर्यंत शिजलेला हवा.

शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि उन्हाळ्यात मखमली त्वचेखाली पुन्हा वाढतात. डोके छातीसह भिंतीवर लावण्यासाठी मढवायचे असेल, तर कातडी खांद्यांच्या बऱ्याच मागे कापतात. गळ्याजवळ कापल्यास मढवणाऱ्या कारागिराला ती पुरत नाही. ओठ, पापण्या आणि कान आतून सोडवून ती मिठात घोळवतात. साध्या पद्धतीत कवटी मंद उकळत्या पाण्यात स्वच्छ करून हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरी करतात. विक्रमी शिंगांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या यादीसाठी शिंगांचे अधिकृत मोजमाप ६० दिवस वाळल्यानंतरच होते.

कोलोरॅडोत १९६७ मध्ये बंदिस्त हरणांत प्रथम आढळलेल्या, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणाऱ्या क्षयकारी (शरीर झिजवणाऱ्या) रोगाने अलीकडे या साऱ्या प्रक्रियेत भर घातली आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित क्षेत्रातील प्राण्याची तपासणी करून घ्यावी आणि रोग आढळल्यास मांस खाऊ नये, असा आरोग्ययंत्रणांचा सल्ला आहे. अनेक राज्यांत मेंदू व पाठीचा कणा हद्दीबाहेर नेण्यास मनाई असल्याने शिंगांसह कवटी न्यायची असली, तरी ती आधी पूर्ण साफ करावी लागते.