काळ्या पानांचा सिंगल डेलिया

शेजारच्या काकू पहिल्यांदा गच्चीवर आल्या तेव्हा त्यांनी त्या कुंडीकडे बघून विचारलं, "अगं, ही पानं अशी जळल्यासारखी का दिसतायत, औषध जास्त झालं का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं, आपल्याकडे डेलिया म्हटला की हिरवीगार पानं आणि वर ताटाएवढं गच्च भरलेलं फूल हेच डोळ्यासमोर येतं. माझ्या कुंडीत होता काळपट जांभळ्या पानांचा, फूल एकेरी, मधे पिवळी चकती आणि भोवती आठ पाकळ्या, बस. मला सगळ्या डेलियांत हाच जास्त आवडतो, आणि आपल्या हिवाळ्याला पण हाच जास्त मानवतो असं माझं मत झालंय, ते का ते सांगते.

आधी पान. पान काळं आहे म्हणजे त्यात हरितद्रव्य नाही असं नाही, ते आहेच, झाड अन्न त्याच्यावरच करतं. पण हरितद्रव्य उजेडातला निळा आणि लाल भाग शोषतं आणि हिरवा बराचसा परत पाठवतं, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. या जातीत त्याच्या जोडीला अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं, पेशीच्या आत पाण्याची पिशवी असते तिला रिक्तिका म्हणतात, तिच्यात ते विरघळलेलं असतं, आणि ते नेमका हिरवा उजेड शोषतं. म्हंजे निळा गेला, लाल गेला, हिरवा पण गेला, डोळ्याकडे परत यायला फारसं काही उरलंच नाही, म्हणून काळं.

हेच द्रव्य जांभळात असतं, कोकमात असतं, गोकर्णाच्या निळ्या फुलात असतं. आंब्याची नवी पालवी तांबूस येते किंवा मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुंब लालभडक होतो तेही याच्यामुळेच, कोवळ्या पानाची यंत्रणा पूर्ण तयार नसते तेव्हा जास्तीचं ऊन अंगावर घ्यायला हे छत्रीसारखं कामी येतं असं मानतात. आंब्याचं पान जून झालं की छत्री मिटते आणि ते हिरवं होतं. या डेलियात ती मिटत नाही, माणसांनी निवडून निवडून ती तशीच ठेवलीय.

घरी बघायचं असेल तर दोन पानं चिरून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पाणी गाळा, दोन वाट्यांत घ्या, एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा. लिंबाची वाटी लालसर होते, सोड्याची हिरवट निळसर. मग बीट किंवा लाल माठाच्या पाण्यात लिंबू पिळून बघा, तसा फरक पडत नाही, कारण तिथला लाल रंग वेगळ्याच जातीचा आहे, त्याला बीटालेन म्हणतात, आणि निसर्गात ही दोन रंगद्रव्यं एकाच झाडात सापडत नाहीत. मुलांना हे दाखवताना मला स्वतःलाच दरवेळी भारी वाटतं.

पहिल्या वर्षी मी कुंडी अर्ध्या सावलीत ठेवली होती, वाटलं नाजूक झाड आहे, ऊन कशाला. महिन्याभरात पानं मळकट हिरवी झाली आणि मला वाटलं नर्सरीवाल्याने फसवलं. त्याने फसवलं नव्हतं. झाड हे द्रव्य उजेड बघून बनवतं, थंड रात्री मिळाल्या तर जास्त बनवतं, उष्णता वाढली की बनवणं कमी होतं आणि असलेलंही विरतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पान सगळ्यात काळं असतं आणि फेब्रुवारीच्या शेवटी नवी पानं हिरवट यायला लागतात, तो रोग नसतो. सहा तास तरी थेट ऊन पाहिजेच. आणि नत्र जास्त झालं तरी रंग उतरतो, त्यामुळे युरियाचं पाणी ओतायचा मोह टाळा, कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुष्कळ झालं.

डेलिया मूळचा मेक्सिकोचा, तिथल्या डोंगराळ भागातला, 1963 पासून त्यांचं राष्ट्रीय फूल आहे. आपला झेंडू पण तिकडूनच आलाय आणि दोघं एकाच कुळातले. अठराव्या शतकाच्या शेवटी मेक्सिकोतून माद्रिदच्या राजेशाही वनस्पती उद्यानात याचं बी-कंद पोचलं, तिथे कावानिलेस या स्पॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाने 1791 मध्ये स्वीडनच्या अँडर्स डाल या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला डालिया नाव दिलं. काळ्या पानांची सगळ्यात गाजलेली जात म्हणजे 'बिशप ऑफ लँडाफ', वेल्समधल्या कार्डिफच्या ट्रेसेडर नावाच्या नर्सरीवाल्यांनी 1920 च्या दशकात काढली, तिथल्या बिशपचं नाव दिलं. लालभडक फूल, काळं पान. काटेकोर बघितलं तर ती सिंगल नाही, पाकळ्यांच्या एकापेक्षा जास्त ओळी असतात, पण मधली चकती उघडी असते. खरी सिंगल हवी तर पांढऱ्या फुलांची 'ट्वायनिंग्ज आफ्टर एट' किंवा पिवळी-केशरी 'मूनफायर'.

आता चकतीचं सांगायचंच आहे, कारण सगळी मजा तिथे आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर बारीक फुलांचं गाव आहे. मधली पिवळी टिकली म्हंजे शंभरेक नळीसारखी फुलं, आणि बाहेरची एकेक 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूल, जाहिरातीपुरतं पसरलेलं. मधली फुलं बाहेरून आत, रोज एकेक कडं अशी उमलतात. प्रत्येकात पुंकेसरांची नळी असते, आतून दांडा वर सरकतो आणि परागकण पिचकारीसारखे वर ढकलतो, मग नंतर त्याच दांड्याचं टोक उघडून दुसऱ्याचे पराग घ्यायला तयार होतं. आधी नर, मग मादी, त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःवर पडायची शक्यता कमी. भरगच्च फुलात ही मधली फुलं बहुतेक पाकळ्या बनून गेलेली असतात, मधमाशी येते, फिरते, तिला पराग मिळत नाहीत, निघून जाते. माझ्या सिंगलवर सकाळी नऊनंतर सातेरी आणि फुलोरी माशा असतातच असतात आणि ज्या दिवशी नसतात त्या दिवशी मला चुकल्यासारखं होतं.

माशा आल्या म्हणजे बी धरतं, आणि बी लावलं की आईसारखं रोप येत नाही. माणसात गुणसूत्रांचे दोन संच, बागेतल्या डेलियात आठ, एकूण 64, आणि ते दरवेळी वेगळे पिसले जातात. म्हणून एका फुलाच्या बियांतून लाल, पिवळं, गुलाबी, हिरव्या पानाचं, काळ्या पानाचं असं काहीही निघतं. सोय एवढीच की पानाचा रंग रोप बोटभर असतानाच कळतो, त्यामुळे हिरवी वेगळी काढा, काळी वाढवा, फूल काय येईल ते तीन महिन्यांनी बघा. जे आवडलं ते मात्र कटिंगने किंवा कंदानेच टिकवायचं.

आणि आपल्या हिवाळ्याचं म्हणाल तर, दिवस बारा तासांच्या खाली गेला की डेलिया वाढायचं सोडून कंद भरायला लागतो. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा. म्हणजे ज्या थंडीत त्याला फुलवायचं त्याच वेळी दिवस त्याला झोप म्हणून सांगत असतो. अशा छोट्या दिवसात डबल फुलं पूर्ण भरत नाहीत, मधे चकती उघडी पडते आणि लोक हळहळतात. सिंगलला भरायचं काही नसतंच, ते तेवढ्यातही पूर्ण असतं. म्हणून मला वाटतं गच्चीवर दोन-चार कुंड्या लावणाऱ्याने सुरुवात इथून करावी, प्रदर्शनाच्या मोठ्या डेलियांमागे लागून पहिल्याच वर्षी नाराज होऊ नये.

कटिंग सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, बारा इंची कुंडी, पाणी झरझर निथळलं पाहिजे. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. सुकलेली फुलं रोज काढा, सिंगल पटकन बी धरतो आणि मग नवीन कळ्या कमी करतो, कळी गोल असते आणि सुकलेलं फूल निमुळतं, गल्लत करू नका. उन्हं तापली की पानांच्या खालून लाल कोळी येतो, पाण्याचा फवारा खालून मारा.

एप्रिलमध्ये झाड वाळलं की पाणी बंद, कंद काढा, माती झटका, कोरड्या कोकोपीटात सावलीत ठेवा, पावसाळ्यात कुंडीतच राहिला तर कुजतो. वाटे करताना एक लक्षात ठेवा, बटाट्यासारखे डोळे या कंदावर नसतात, ते जुन्या खोडाला लागून मानेपाशी असतात, त्यामुळे प्रत्येक वाट्याला खोडाचा तुकडा यायलाच पाहिजे. मी एकदा छान गुबगुबीत सात कंद मानेशिवाय तोडून ठेवले होते, ते ऑक्टोबरपर्यंत तसेच टणक राहिले आणि एकालाही कोंब आला नाही.