लिंबू उडून जाऊ द्या, मग ठरवा

डाव्या मनगटावर एक परफ्यूम, उजव्यावर दुसरं. दोन्ही लिंबू-गुलाबाची, किंमतही जवळपास सारखी. पहिल्या दोन मिनिटांत डावं मनगट जिंकलं. लिंबाची साल नखाने खरवडल्यावर बारीक तुषार उडतात, अगदी तसा वास! दुकानात असते तर तेच घेऊन आले असते. पाऊण तासाने तिथे नुसता साबणासारखा गोडूस वास उरला होता. उजवीकडे मात्र गुलाब आत्ता कुठे उमलत होता.

लिंबाच्या सालीच्या तेलात सर्वाधिक असतं लिमोनिन. गुलाबाच्या ताज्या पाकळीच्या वासात मोठा वाटा फिनाइल इथाइल अल्कोहोलचा. हलका रेणू आधी उडतो, जड मागे राहतो, असं सर्रास सांगतात. पण इथे लिमोनिनचा रेणुभार 136 आणि गुलाबातल्या या अल्कोहोलचा 122. हलका असून गुलाबच मागे राहतो! लिमोनिन 176 अंश सेल्सिअसला उकळतं, या अल्कोहोलला 220च्या आसपास जावं लागतं. हा फरक पडतो ऑक्सिजन-हायड्रोजनच्या एका जोडीमुळे. तिच्या आधाराने गुलाबाचे रेणू एकमेकांना धरून राहतात. लिमोनिनकडे ती जोडीच नाही, त्यामुळे अंगाच्या उबेने ते भराभर उडून जातं.

या जोडीमुळेच ते अल्कोहोल पाण्यातही थोडं विरघळतं. म्हणून पाकळ्यांचं ऊर्ध्वपातन करताना त्यातलं बरंचसं तेलात न उतरता गुलाबपाण्यात जातं.

मला सगळ्यात आवडते ती लिंबू आणि गुलाबाची भावकी. गुलाबी वासाच्या जिरॅनिऑलमधले दोन हायड्रोजन काढले की झाला सिट्रल, म्हणजे लिंबाचा वास. आपल्या गवती चहात सिट्रल भरपूर असतो. त्याच कुळातल्या रोशा गवतात जिरॅनिऑल. खानदेशातलं रोशा तेल एकेकाळी मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. नाकं फसायची, कारण गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतं, रेणू तोच!

तेव्हा दोन परफ्यूममधून एक निवडायचं असेल, तर कागदाच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. दोन मनगटांवर लावा आणि घरी या. दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी हुंगा. मधे मधे सारखं हुंगू नका. नाक त्या वासाला सरावतं आणि वास गेला असं वाटतं. मी चौथ्या तासाला आईपुढे दोन्ही हात धरले. तिने डावा सोडला, उजवा पुन्हा नाकाशी नेला.

उजवंच घेतलं, पण छोटी बाटली. लिमोनिन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, मग वास बिघडतो आणि काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जीही होते. बाटली खिडकीत नाही, कपाटात ठेवली आहे, साड्यांच्या मागे.