मिदोरियामाची टेकडी

शाळेतून आल्यावर दप्तर फेकून पोगो वाहिनी लावणाऱ्या पिढीला हे दृश्य वेगळं सांगायला नको. तळ्यातल्या दगडांवरून एक जपानी माणूस टणाटण उड्या मारत निघतो, मधलाच एक दगड पायाखाली बुडतो, माणूस तोंडावर आपटतो आणि जावेद जाफरी हिंदीतून त्याची फिरकी घेतो. तो माणूस पंधरा-वीस वर्षांपूर्वीच पडून, अंग पुसून घरी गेला होता, हे तेव्हा आपल्या गावीही नव्हतं.

'टाकेशीज कॅसल' जपानच्या टीबीएस वाहिनीवर 1986 ते 1989 या काळात चालला. किल्ल्याचा मालक होता ताकेशी कितानो. हाच विनोदी नट पुढे रक्तरंजित गुन्हेगारीपटांचा दिग्दर्शक म्हणून जगभर गाजला. शंभरावर माणसं किल्ल्यावर चाल करून येत, बहुतेक वाटेतच गारद होत. जिंकणाऱ्याला दहा लाख येन. चित्रीकरण चालायचं योकोहामातल्या मिदोरियामा स्टुडिओच्या आवारात.

परदेशी गेलं ते फक्त चित्रण, आवाज ज्याचा त्याने घालायचा. ब्रिटनमध्ये क्रेग चार्ल्सने घातला, आपल्याकडे जाफरीने. अमेरिकेत 2003 साली एका केबल वाहिनीने तर 'एमएक्ससी' या नावाखाली मूळ कार्यक्रमाचं पार कडबोळं केलं: कितानोचा झाला विक रोमानो नावाचा समालोचक, स्पर्धकांना चिकटवले काल्पनिक धंदे आणि नावं, आणि किल्ला सर करण्याची गोष्टच गायब. खोटं कशाला बोला, हसू यायचंच. पण पडणारा स्वतः काय म्हणत होता, ते जपानबाहेर कोणाला कळलं नाही.

त्याच वाहिनीने 1997 साली दुसरा खेळ मांडला, आणि दुसऱ्या स्पर्धेपासून तो त्याच आवारात आला. नाव 'सासुके', लोककथांमधल्या सारुतोबी सासुके या निंजावरून. इथे चेष्टा नव्हती. शंभर स्पर्धक, चार टप्पे, आणि सामना एकमेकांशी नाही, समोर उभ्या केलेल्या अडथळ्यांच्या सांगाड्याशी. शंभरच्या शंभर पडले तरी कार्यक्रम रीतसर संपतो, विजेता नसतो इतकंच. चारही टप्पे पार करण्याला जपानीत 'कान्झेन सेइहा' म्हणतात, म्हणजे संपूर्ण फत्ते. 2020 पर्यंतच्या 38 स्पर्धांत ही फत्ते झाली सहा वेळा, तीही चौघांच्याच हातून. पहिला होता काझुहिको आकियामा, 1999 साली. खेकडे पकडणारा मच्छीमार, डोळ्यांनी अधू, आणि शेवटचा 15 मीटरचा दोर तीस सेकंदांच्या आत चढून गेला.

पण जपानी प्रेक्षकांचा जीव अडकला तो कात्सुमी यामादावर. सुरुवातीच्या एका स्पर्धेत तो शेवटच्या दोरापर्यंत पोचला, थोडक्यात हुकला, आणि मग वर्षानुवर्षं परत येऊन पडत राहिला, पुढेपुढे तर पहिल्याच टप्प्यात. लोक त्यालाच 'मिस्टर सासुके' म्हणतात.

अमेरिकेत 'सासुके' 'निंजा वॉरियर' या नावाने 2006 पासून जी-फोर या छोट्या वाहिनीवर दिसू लागला. 2009 साली 'अमेरिकन निंजा वॉरियर' निघाला, तेव्हा त्याचा मान एवढाच की निवडलेले गडी थेट मिदोरियामाला पाठवायचे. 2012 मध्ये एनबीसी ही मोठी वाहिनी आली आणि अंतिम फेरीचा सांगाडा लास व्हेगासला उभा राहिला. इथे चित्रणाऐवजी कल्पनाच विकत घेतली होती, आवाज स्पर्धकांचाच राहिला. त्यांच्या घरच्या कहाण्या मात्र अमेरिकी पद्धतीने लांबल्या. काही वेळा धावणं कमी आणि गहिवर जास्त. तरी काही क्षण अस्सल होते. 2014 साली पाच फुटी जिम्नॅस्ट केसी कॅटनझारो धावत आली आणि चौदा फुटी कमानदार भिंतीच्या काठाला बोटं रोवून वर चढली. त्या कार्यक्रमात तोवर एकाही बाईला ती भिंत जमली नव्हती.

उचलेगिरीचाही एक अध्याय आहे. एबीसी या अमेरिकी वाहिनीच्या 'वाइपआउट'मध्ये आपले खेळ ढापले आहेत म्हणून टीबीएसने 2008 मध्ये अमेरिकेत दावा लावला, तो 2011 मध्ये तडजोडीने मिटला. त्याच साली त्याच 'वाइपआउट'ची हिंदी आवृत्ती शाहरुख खान आपल्याला दाखवत होता, 'जोर का झटका'. स्पर्धक आपले, पाणी मात्र अर्जेंटिनातलं.

'अमेरिकन निंजा वॉरियर'ची खरी अडचण होती विजेत्याची. सहा मोसम कोणीच शेवट गाठला नाही. 2015 मध्ये एकाच रात्री दोघांनी गाठला. आधी चढला जेफ ब्रिटन. त्याच्यानंतर आयझॅक कॅल्डिएरो काही सेकंद कमी वेळात चढला आणि दहा लाख डॉलर्स घेऊन गेला. जेफच्या हातात एक छदामही पडला नाही. मिदोरियामात दोघांचीही 'कान्झेन सेइहा' झाली असती.

आता हा सांगाडा ऑलिंपिकला निघाला आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये एका बिथरलेल्या घोड्यामुळे आधुनिक पेंटॅथलॉनची, म्हणजे पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेची, लाज गेली. मग त्या खेळाच्या संघटनेने घोडेस्वारी काढून टाकली आणि टीबीएसला सोबत घेऊन तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आणली. 2028 साली लॉस एंजेलिसला ती होईल. तिथे मात्र धावपटू जोडीने, शेजारी-शेजारी सुटतील.