फोनला झोपू न देणारं स्मार्ट घर

रात्री दहाला ९० टक्के असलेली बॅटरी सकाळी सहाला ७० वर आलेली दिसते. मधल्या आठ तासांत फोनला कुणी हातही लावलेला नसतो. कूलर आणि गिझर स्मार्ट प्लगवर, गेटवर वायफाय कॅमेरा, वावरातल्या मोटारीला ॲपवर चालणारा स्टार्टर अशी जुळणी आता जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटांत दिसते, तशी रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातही. तिच्यामागोमाग ही तक्रारही येते. पहिला संशय बॅटरीवर जातो, ती बदलली जाते आणि पुन्हा तेच सुरू होतं. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीत नसतो. फोन रात्रभर जागा असतो.

साधा हिशोब करू. ५००० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीचे २० टक्के म्हणजे १००० मिलीअँपिअर-तास. ते आठ तासांत संपले, म्हणजे फोनने सरासरी १२५ मिलीअँपिअर करंट घेतला. नीट झोपलेला फोन सिम आणि वायफाय चालू ठेवूनही रात्रीत साधारण २ ते ५ टक्केच खातो, म्हणजे १२ ते ३० मिलीअँपिअर. हा चौपट-दहापट फरक प्लग चालू-बंद करण्यामुळे पडत नाही. तो हुकूम जेमतेम काहीशे बाइटचा असतो आणि सेकंदाच्या आत पोहोचतो. खर्च होतो तो वाट पाहण्यात: कुठून तरी निरोप येईल, मालक घराजवळ येईल, कॅमेऱ्यात काही हलेल, यासाठी ॲप फोनला उठवून बसवतं.

स्क्रीन बंद झाली की फोनचा प्रोसेसर जवळजवळ थांबतो आणि मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, ठरावीक अंतराने क्षणभर जागा होऊन ‘माझ्यासाठी काही आहे का’ एवढंच पाहतो. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ नावाची सोय आली. फोन चार्जरला नसेल, स्थिर पडून असेल आणि स्क्रीन बंद असेल, तर ॲपचं इंटरनेट रोखलं जातं, जागं ठेवण्याच्या त्यांच्या विनंत्या नाकारल्या जातात, आणि सगळ्यांना मिळून अधूनमधून थोडी खिडकी उघडली जाते. पण ज्या ॲपला बॅटरीच्या यादीत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केलं आहे, त्याला यातून बरीच सूट मिळते. स्टार्टर किंवा कॅमेरा बसवणारा माणूस ‘अलर्ट चुकायला नको’ म्हणून बसवतानाच हे बटण दाबून जातो. त्याचा हेतू चांगला असतो. पण ॲप नीट लिहिलेलं नसेल, तर बॅटरीची गळती तिथूनच सुरू होते.

मोबाइल डेटावर ही गळती जास्त का, तेही पाहण्यासारखं आहे. फोर-जी मोडेमने इवलासा निरोप पाठवला तरी तो लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून साधारण दहा सेकंद जोडलेला राहतो. एखादं ॲप दर ३० सेकंदांनी सर्व्हरला ‘मी आहे’ असं कळवत असेल, तर मोडेमचा रेडिओ एक-तृतीयांश वेळ जागा राहिला. आठ तासांत असे ९६० निरोप जातात, पण त्यांचा डेटा एक एमबीही भरत नाही. म्हणून डेटा वापराच्या यादीत ॲप तळाला दिसतं आणि सुटतं. डेटाचा आकडा पाहून बॅटरीचा चोर सापडत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

त्यात सिग्नल कमजोर असला की भर पडते. चोपडा, शिरपूर, शहादा तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला टॉवर लांब असतो, आणि तो जितका लांब तितकं फोनला जोरात बोलावं लागतं. फोर-जी फोनची पाठवण्याची कमाल शक्ती साधारण २०० मिलीवॅट असते; तेवढी हवेत सोडायला आतला ॲम्प्लिफायर तिच्या कितीतरी पट वीज घेतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’ उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. उणे ९० च्या आसपास असेल तर ठीक. उणे ११० किंवा त्याखाली गेला असेल, तर घरात वायफाय कॉलिंग चालू करा आणि ॲपच्या मागे लागण्याआधी हाच भाग सुधारा.

आधी मोजा, मग बदला

एका रात्रीत पाच सेटिंग्ज बदलून काही कळत नाही. पहिल्या रात्री फोन नेहमीसारखा ठेवा: वायफाय चालू, चार्जर काढलेला, दहा वाजताची आणि सहा वाजताची टक्केवारी लिहून ठेवा. दुसऱ्या रात्री स्मार्ट घराचं ॲप ‘फोर्स स्टॉप’ करा. अलीकडच्या ॲपच्या यादीतून वर सरकवणं म्हणजे फोर्स स्टॉप नव्हे. सेटिंग्जमध्ये ॲपच्या पानावर जाऊन ते बटण दाबावं लागतं. असं थांबवलेलं ॲप पुन्हा उघडेपर्यंत अँड्रॉइडवर त्याचे निरोपही येत नाहीत, म्हणून मोटारीचे अलर्ट त्या रात्री घरातल्या दुसऱ्या फोनवर येतील अशी सोय आधी करा. तिसऱ्या रात्री ॲप चालू, पण वायफाय बंद करून फक्त मोबाइल डेटा. तिन्ही आकडे समोर ठेवले की दिशा कळते. दुसऱ्या रात्री खर्च एकदम घटला, तर दोष ॲपचा. तिसऱ्या रात्री वाढला, तर रेडिओ आणि सिग्नलचा. तिसऱ्या रात्री उलट घटला, तर घरचं वायफायच फोनला उठवतंय. हे शेवटचं अनेकांना पटत नाही, त्याकडे पुढे येऊ.

बॅटरी वापराची यादी उघडताना एक सावधगिरी हवी. ठिकाण शोधण्याचा खर्च बऱ्याचदा ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’च्या नावावर पडतो, कारण ॲप मागणी करतं आणि काम ती सेवा करते. ती यादीत वर दिसली की तिला दोष देऊ नका. सेटिंग्जमधल्या ‘लोकेशन’ पानावर अलीकडे कुणी कुणी ठिकाण विचारलं ते पाहा. खरं नाव तिथे सापडतं.

सर्वांत महाग सवय: ‘मी घरी आलो की दिवा लाव’

घराभोवती नकाशावर एक वर्तुळ आखायचं, फोन आत आला की कूलर चालू, बाहेर गेला की बंद. या सोयीसाठी फोनला दिवसभर स्वतःचं ठिकाण तपासत राहावं लागतं. अँड्रॉइडची स्वतःची सोय वापरली, तर हे काम वायफाय आणि टॉवरच्या खुणांवरून स्वस्तात होतं. आत-बाहेरची नोंद दोन-तीन मिनिटं उशिरा होते, इतकंच. पण वर्तुळ फार लहान असलं की गडबड होते. त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवावी, असं अँड्रॉइडचं मार्गदर्शन सांगतं, आणि तेही आजूबाजूला वायफाय भरपूर असेल तर. मळ्यातल्या घराभोवती वायफायच्या खुणा नसतात, टॉवरवरून काढलेलं ठिकाण काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकतं. मग खाटेवर पडलेला फोन कागदोपत्री दिवसातून अनेकदा घराबाहेर जातो आणि परत येतो, आणि प्रत्येक फेरीला कूलर, दिवा, निरोप, सगळं हलतं. गावाबाहेर वर्तुळ ५०० मीटर किंवा मोठं ठेवा. दोन-तीन कंपन्यांची ॲप असतील तर ‘नेहमी लोकेशन’ची परवानगी एकालाच द्या, बाकीच्यांना ‘फक्त वापरताना’. आयफोनवरही हीच विभागणी करता येते.

होम असिस्टंट (स्मार्ट घर स्वतःच्या सर्व्हरवरून चालवण्याचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी त्याच्या मोबाइल ॲपमधल्या तीन जागा तपासाव्यात. पहिली ‘हाय ॲक्युरसी मोड’: हा चालू असला की मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ सेकंदांनी ठिकाण घेतलं जातं. तो दिवसभर चालू ठेवण्याला काहीच कारण नाही. गाडीच्या ब्लूटूथला जोडलं असतानाच चालेल, अशी अट घालता येते. दुसरी, सेन्सर किती वेळाने कळवायचे ते: नेहमीच्या सेटिंगला १५ मिनिटं, ‘फास्ट’ला १ मिनिट. तिसरी, सर्व्हरशी कायम जोडणी: ‘कधीच नाही’, ‘स्क्रीन चालू असताना’, ‘घरच्या नेटवर्कवर’ आणि ‘नेहमी’ असे पर्याय असतात. गुगलच्या सामायिक वाटेने निरोप येत असतील तर ‘नेहमी’ची गरज नाही. ती वाट फोनमधल्या सगळ्या ॲपसाठी एकच जोडणी उघडी ठेवते, प्रत्येकाने आपली वेगळी धरून बसण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

याहून चांगला उपाय म्हणजे हे काम फोनकडून काढूनच घेणं. सूर्यास्ताला अंगणातला दिवा, ठरल्या वेळी गिझर, तापमान वाढलं की कूलर, हे नियम भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या हबमध्ये, म्हणजे सगळी स्मार्ट यंत्रं जोडणाऱ्या डब्यात, किंवा सर्व्हरवर ठेवा. घरी कोण आहे हे राउटरलाही कळतं, कारण फोन घरच्या वायफायला तसाही जोडला जातोच. फक्त त्या नेटवर्कपुरता फोनचा ‘रँडम मॅक’ किंवा ‘प्रायव्हेट ॲड्रेस’ (वायफायला खऱ्याऐवजी बनावट ओळख सांगण्याची सोय) बंद करा किंवा स्थिर ठेवा, नाहीतर ओळख बदलली की राउटरला तो पाहुणा वाटतो. झोपलेला फोन काही मिनिटं उत्तर देत नाही, म्हणून ‘घराबाहेर’ ठरवण्याआधी १० मिनिटांची मुदत द्या.

कॅमेरा, केळीची पानं आणि किडे

शेतातल्या कॅमेऱ्यांची अडचण शहरातल्यापेक्षा वेगळी आहे. साधा मोशन अलर्ट चित्रातले ठिपके बदलले की वाजतो. केळीचं पान मोठं, वाऱ्यावर सतत डोलणारं. रात्री इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, भिंगापुढे कोळी जाळं विणतो. रात्रीत २०० अलर्ट आले आणि प्रत्येकाने फोन १५ सेकंद जागा ठेवला, चित्र उतरवलं, स्क्रीन पेटवली, तर ५० मिनिटं जागरण झालं. म्हणून अलर्टचा विभाग आखताना बाग वगळून फक्त वाट आणि विजेची डीपी घ्या, ‘फक्त माणूस’ ओळखण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती चालू करा, दोन अलर्टमध्ये किमान ३ ते ५ मिनिटांचं अंतर ठेवा, आणि आठवड्याला भिंग कोरड्या फडक्याने पुसा. वेगळा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन फूट दूर लावला तर किडे भिंगासमोर येत नाहीत.

थेट चित्र पाहताना स्क्रीन, चित्र उलगडणारी चिप आणि रेडिओ तिन्ही चालतात. २ एमबीपीएसचं चित्र तासाला ९०० एमबी डेटा खातं. नुसती नजर टाकायची तर ‘सब-स्ट्रीम’, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं चित्र, निवडा. ५१२ केबीपीएसला तोच खर्च २३० एमबीच्या आसपास येतो.

वायफाय स्वतःच उठवतं तेव्हा

आता ती न पटणारी गोष्ट. बरेच स्वस्त प्लग आणि बल्ब ‘मी इथे आहे’ असं काही सेकंदांनी घरातल्या सगळ्या यंत्रांना एकदम ओरडून सांगतात. राउटर असे सार्वजनिक निरोप साठवून ठेवतो आणि ठरलेल्या ठोक्याला सोडतो. ते घ्यायला फोनची वायफाय चिप उठते, आणि फोनमध्ये त्या निरोपांची वाट पाहणारं ॲप असेल तर प्रोसेसरही. राउटरचा ठोका सहसा १०२.४ मिलीसेकंदांचा असतो. ‘डीटीआयएम’ हे सेटिंग १ असेल तर दर ठोक्याला, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, फोनला कान द्यावा लागतो. ३ केलं तर साधारण तीनदा. हे सेटिंग राउटरच्या ‘ॲडव्हान्स्ड वायरलेस’ पानावर सापडतं, सगळ्या राउटरवर नसतं. नसेल तर प्लग-बल्ब गेस्ट नेटवर्कवर टाका. तोटा असा की ॲप मग त्यांच्याशी घरातल्या घरात थेट बोलू शकत नाही, इंटरनेटवरून फिरून जावं लागतं. नवा प्लग जोडताना फोनही तेवढ्यापुरता त्या नेटवर्कवर न्यावा लागतो.

लाइट गेली की वेगळाच गोंधळ होतो. राउटर बंद पडतो, फोन मोबाइल डेटावर जातो आणि घरातला सर्व्हर शोधणारं ॲप हाका मारत राहतं. चांगलं ॲप प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करतं: १ सेकंद, २, ४, ८. वाईट ॲप दर पाच सेकंदांनी तीच हाक देतं. लाइट आल्यावर प्रत्येक प्लगचा ‘ऑफलाइन’ आणि ‘ऑनलाइन’ असा जोड-निरोप येतो तो निराळा. हे निरोप बंद करा, आणि राउटरला मिनी यूपीएस लावा. घेताना ॲडॉप्टरवरचा आकडा पाहा: राउटर १२ व्होल्टचा असेल तर यूपीएसही १२ व्होल्टचाच, ९ चालणार नाही. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोड हवी.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा या जागरणाची किंमत दुप्पट वसूल होते. जागा फोन स्वतःच तापतो. बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे गेली की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, आणि अशा उष्णतेत भरलेली राहिलेली लिथियम बॅटरी कायमची क्षमता गमावते. जुना फोन किंवा टॅबलेट पॅनल म्हणून भिंतीला लावून चोवीस तास चार्जरवर ठेवू नका, ती बॅटरी फुगते. चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा. ती सोय नसेल तर त्याचा चार्जर स्मार्ट प्लगवर टाकून दिवसातून दोन-तीन तासच चालू ठेवा.

मोटारीच्या स्टार्टरच्या बाबतीत मात्र काटकसर जपून करा. शेतीच्या फीडरला रात्रपाळीची थ्री-फेज असताना एक फेज गेला किंवा विहिरीचं पाणी संपून मोटार कोरडी फिरली, तर तो निरोप चुकणं वायंडिंग जळण्याइतकं महाग पडतं. ॲपचं ‘अनरिस्ट्रिक्टेड’ काढण्याआधी स्टार्टरमध्ये कॉल किंवा एसएमएसने कळवण्याची सोय आहे का ते पाहा. सिमवर चालणाऱ्या बहुतेक स्टार्टरमध्ये ती असते. कॉलसाठी फोन टॉवरचा पुकारा रात्रभर तसाही ऐकतच असतो, त्यासाठी कुठलं ॲप जागं लागत नाही. तो नंबर फोनमध्ये जतन करा, ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून त्याला सूट द्या, दिवसा एकदा मुद्दाम फेज काढून कॉल खरंच येतो का ते वायरमनसमोर तपासा, आणि मगच त्या ॲपला रात्री झोपू द्या.