बारावीनंतर व्यावसायिक पदवीला प्रवेश: पात्रता, दाखले आणि ते कधी काढायचे

जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर लागणारी रांग पाहिली की जीव तुटतो. सीईटीत छान पर्सेंटाइल मिळवलेली मुलं घामाघूम होऊन उभी असतात, हातात जुनी रेशनकार्डं, वडिलांचा शाळेचा दाखला, कुठल्यातरी अर्जाची पावती. इकडे कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, नोंदणीचे दिवस संपत आलेले असतात. यातली बरीच मुलं हेच काम आदल्या दिवाळीच्या सुट्टीत करून मोकळी झाली असती. पण तेव्हा त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अभ्यासाचं वेळापत्रक घरोघरी भिंतीवर लागतं, कागदांचं लागत नाही. म्हणून हा मजकूर मुख्यतः अकरावीत असलेल्या आणि नुकत्याच बारावीत गेलेल्या मुलांसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. नियम महाराष्ट्रातल्या प्रवेशांचे आहेत.

कोणता प्रवेश कुणाच्या हातात

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी, विधी अशा अभ्यासक्रमांचे राज्यातले प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, करतो. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रमही सीईटीच्या कक्षेत आले. अजूनही काही मुलं 'बारावीच्या मार्कांवर बीसीए मिळेल' अशा समजुतीत राहतात आणि नोंदणीची तारीख हुकवतात. वैद्यकीय, दंत आणि आयुर्वेदासाठी नीट द्यावी लागते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्य कोट्यातून भरल्या जातात. एनआयटीसाठी जेईई मेन, आयआयटीसाठी त्यापुढची जेईई ॲडव्हान्स्ड. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. बीए, बीकॉम, बीएस्सीचे प्रवेश बहुतांशी विद्यापीठाच्या पूर्वनोंदणीनंतर महाविद्यालयाच्या गुणवत्ता यादीने होतात. तिथे कागद कमी लागतात, पण राखीव जागा किंवा शिष्यवृत्ती हवी असेल तर पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

पात्रता

एमएचटी-सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी गट २०० गुणांचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर आणि ८० टक्के बारावीच्या. मात्र सीईटीचा निकाल कितीही चांगला असला तरी बारावीची अट वेगळी पूर्ण करावी लागते. अभियांत्रिकीला ठरवून दिलेल्या विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गातल्या आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. नीटच्या प्रवेशाला बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के, शिवाय प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. 'सीईटी चांगली गेली, बारावी कशीही चालेल' हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

दुसरी पात्रता म्हणजे तुम्ही महाराष्ट्राचे उमेदवार आहात का. अर्जात 'उमेदवाराचा प्रकार' विचारतात. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली असेल, आणि जन्म महाराष्ट्रातला असेल किंवा अधिवास प्रमाणपत्र असेल, तर तुम्ही प्रकार 'ए'. शिक्षण बाहेर झालं पण तुमचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा अधिवास इथला असेल तर प्रकार 'बी'. पुढचे प्रकार राज्यात नेमणूक असलेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातले उमेदवार यांच्यासाठी आहेत. हा रकाना घाईत भरू नका. चुकीचा प्रकार पडला तर राखीव जागेवरचा हक्कही त्याच्याबरोबर जाऊ शकतो.

आज रात्रीच करायचं काम

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँक पासबुक एकाशेजारी एक मांडा. नाव, आडनाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. एकीकडे 'दत्तात्रय' आणि दुसरीकडे 'दत्तात्रेय' असेल तरी अर्जाच्या छाननीत त्रुटी निघू शकते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण मानून आधार आणि बँक खातं त्याला जुळवून घेणं हा सोपा मार्ग. चूक शाळेच्या नोंदीतच असेल तर कॉलेजात शिकत असतानाच मुख्याध्यापक, प्राचार्यांना गाठा. तिथून दाखला घेऊन बाहेर पडल्यावर हीच दुरुस्ती फार जड जाते. दाखल्यावर जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व आणि जात नीट लिहिली आहे का, तेही याच बैठकीत पाहून घ्या. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, आणि डिजिलॉकरचं खातंही तयार ठेवा, अलीकडे अर्जात त्याची विचारणा होऊ लागली आहे.

जात वैधता: सगळ्यात आधी, अकरावीतच

राखीव प्रवर्गातून व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. आपण सगळे त्याला नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतो. मला सगळ्यात जास्त काळजी याच कागदाची वाटते, कारण इथे पुरावा तुमचा नसून तुमच्या आजोबा-पणजोबांचा लागतो, आणि तो शोधायला महिने जाऊ शकतात.

तारखा लक्षात ठेवा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती (विजा) आणि भटक्या जमातींसाठी (भज) २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्ग (इमाव) आणि विशेष मागास प्रवर्गासाठी (विमाप्र) १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेपूर्वीचा, घराण्याची जात आणि राहण्याचं ठिकाण दाखवणारा पुरावा पडताळणी समिती बघते. जातीचा दाखलाही त्या तारखेला तुमचं कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडून, म्हणजे प्रांत कार्यालयातून मिळतो. त्यामुळे मूळ गाव बीड जिल्ह्यात आणि मुलं पुण्यात शिकत असतील तर फेऱ्या बीडला माराव्या लागतात. ही गोष्ट बारावीच्या परीक्षेनंतर कळली तर घरात रडारड होते, मी ती पाहिली आहे.

पुरावा कुठे सापडतो? आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा हा सगळ्यात भक्कम. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, किंवा कोतवाल बुक शोधा. नोंद मोडी लिपीत निघाली तर मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्यालाही वेळ धरा. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाला, म्हणजे वडील, सख्खा भाऊ, बहीण, काका, आत्या यांना व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. काम पुष्कळ हलकं होतं. पण नातं वंशावळीत स्पष्ट दिसलं पाहिजे.

अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या समित्या आहेत. सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं शिफारसपत्र, नमुना ३ मधलं वंशावळीचं शपथपत्र, नमुना १७ मधलं शपथपत्र, तुमचा, वडिलांचा आणि आजोबांचा पुरावा. कागद समितीला अपुरे वाटले तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं, मग घरी चौकशी होते आणि काम लांबतं. अर्जाची पावती जपून ठेवा. नोंदणीच्या वेळी पावतीवर भागतं, आणि काही वर्षी मूळ प्रमाणपत्र देण्यासाठी मुदत वाढवूनही मिळाली आहे. पण त्या भरवशावर राहू नका. दिलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर प्रवर्गाची जागा जाते आणि उमेदवार खुल्या गटात धरला जातो.

आठ लाखांचे दोन हिशेब

इथे फार लोक फसतात. नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे मागास प्रवर्गातलं कुटुंब प्रगत गटात मोडत नाही या दाखल्याची, मर्यादा ८ लाख, ईडब्ल्यूएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाची, ८ लाख, फी सवलतीचीही ८ लाख. आकडा एक, हिशेब निराळा.

नॉन-क्रीमीलेअर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न या ८ लाखांत धरत नाहीत. इतर मार्गांचं उत्पन्न सलग तीन वर्षांचं बघतात, आणि नोकरीत पालकांचं पद कुठल्या वर्गातलं आहे हे वेगळं तपासतात. त्यामुळे 'बाबांचा पगार नऊ लाख, आपल्याला मिळणार नाही' असं ठरवून अर्जच न करणारी कुटुंबं हक्क असून मागे राहतात. उलट ईडब्ल्यूएस आणि फी सवलतीसाठी पगार, शेती, धंदा असं कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरलं जातं. अनुसूचित जाती आणि जमातींना नॉन-क्रीमीलेअर लागत नाही; इमाव, विजा, भज, विमाप्र आणि २०२४ च्या कायद्याने आलेल्या एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गाला लागतं.

वेळेचाही एक पेच आहे. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा: २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंतचा. आदल्या वर्षी काढलेला एका वर्षाचा दाखला म्हणून वाया जातो. उत्पन्नाचे पुरावे पुरेसे असतील तर तीन वर्षांचा मागा, नाहीतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज करा. उत्पन्नाचा आणि ईडब्ल्यूएसचा दाखलाही नव्या आर्थिक वर्षात, एप्रिलमध्येच. जातीचा दाखला आणि अधिवास मात्र केव्हाही काढता येतात. अधिवासासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

जेईई किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रीमीलेअर) वेगळं काढावं लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधी बघावं लागतं. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला उत्पन्नाशिवाय मालमत्तेचीही अट आहे: पाच एकर किंवा जास्त शेतजमीन, अथवा १,००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट असेल तर तो मिळत नाही.

हे सगळे अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवरून घरबसल्याही करता येतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे. ती उलटली तर त्याच पोर्टलवर अपील करता येतं, आणि ते करावं. शपथपत्रासाठी कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगितलं तर आणू नका. शैक्षणिक दाखल्यांच्या शपथपत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो.

कॅप: नोंदणीपासून जागा पक्की होईपर्यंत

सीईटीसाठीची नोंदणी आणि कॅपची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅपसाठी पुन्हा अर्ज, कागद अपलोड, मग ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर छाननी. त्रुटी निघाली तर संदेश येतो, म्हणून नोंदवलेला मोबाइल नंबर घरच्याच कुणाचा तरी असू द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आपला प्रवर्ग, उमेदवार प्रकार आणि गुण स्वतः तपासा. हरकत नोंदवायला जेमतेम दोन-तीन दिवस असतात, अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही.

पसंतीक्रम भरताना मिळण्याची शक्यता न बघता खरोखर हवं ते कॉलेज वर, त्याहून कमी हवं ते खाली. यंत्रणा वरून खाली बघत जाते, वरचं नाही मिळालं म्हणून खालच्याचं नुकसान होत नाही. पण जिथे जायचंच नाही ते कॉलेज वर टाकू नका. २०२५-२६ मध्ये अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला तर तो स्वीकारणं बंधनकारक होतं; त्यापुढे बेटरमेंट, म्हणजे वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत थांबणं, नाही. जागा मिळाल्यावर १,००० रुपये जागा स्वीकृती शुल्क मुदतीत भरा. बेटरमेंट घेतलं आणि पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली तर आधीची आपोआप जाते.

फी भरण्याआधी

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इमाव कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला, तसंच अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. पात्र मुलग्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. याशिवाय शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के वाढीव जागा असतात. त्यांच्यासाठी कॅपच्या अर्जातच होकार द्यावा लागतो, नंतर मागून मिळत नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दरवर्षी भरायचा असतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. ती जोडणी खरंच झाली आहे का हे बँकेत जाऊन विचारा.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर अंतिम तारखेआधी ऑनलाइन रद्द करा, १,००० रुपये वजा होऊन बाकीचं शुल्क परत मिळतं. आणि पडताळणीसाठी दिलेले मूळ कागद कॉलेज स्वतःकडे अडवून ठेवू शकत नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच तसं बजावलं आहे. मूळ कागद दाखवा, प्रती द्या, आणि त्याच दिवशी मूळ कागद पिशवीत परत घेऊन घरी या.